समुद्रापलीकडून आलेले हात

रात्रपाळी सुटली की गेटाबाहेरच्या टपरीवर आमची सभा भरते. परवा तिथं एक सोबती म्हणाला, "जपान बघ. एवढासा देश. एक रक्त, एक भाषा, एक वंश. बाहेरच्याला थाराच दिला नाही, म्हणून पुढं गेला. आपल्याकडं भेसळ झाली, तिथंच वाटोळं झालं."

सोबती मनानं वाईट नाही. शेजारच्या मागावर उभा असतो. माझा धागा तुटला तर हाक मारतो, महिनाअखेरीला उसने पैसे देतो. पण 'भेसळ' हा शब्द तो ज्या सहजपणे बोलला, तो माझ्या डोक्यात दिवसभर धोट्यासारखा इकडून तिकडं आपटत राहिला. शुद्ध रक्ताची गोष्ट सांगणाऱ्याला कुणीतरी अशुद्ध माणूस लागतोच. त्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही. आणि तो अशुद्ध माणूस कोण असतो, हे तुम्हाआम्हाला कुणी शिकवायची गरज नाही.

म्हणून मी जपानचा जुना इतिहास वाचायला घेतला. मी पंडित नाही. शाळा अर्ध्यात सुटली. वाचनालय आणि रस्त्यावरची जुनी पुस्तकं हेच माझं कॉलेज. पण जे हाती लागलं त्यानं सोबत्याचं म्हणणं पार उलटं केलं. खरं सांगायचं तर माझंही थोडं उलटं केलं. ते पुढं येईलच.

भात कुणी आणला?

जपान म्हटलं की भात. पण भात जपानचा नव्हे. त्या बेटांवर आधी हजारो वर्षं जोमोन म्हणतात ते लोक राहात होते. शिकार करायचे, मासे धरायचे, कंदमुळं-फळं गोळा करायचे, दोरीचे ठसे उमटवून मातीची भांडी घडवायचे. पाणी साठवून भात पिकवायची विद्या कोरियाच्या द्वीपकल्पातून समुद्र ओलांडून आली. ख्रिस्तापूर्वीच्या शेवटच्या हजार वर्षांत. आधी पोचली क्युशु बेटाच्या उत्तरेला, कारण तिथून कोरिया सगळ्यात जवळ. भाताबरोबर बांध आले, पाट आले, कापणीचे दगडी विळे आले. मागून कासं आलं, लोखंड आलं. पुढची कित्येक शतकं लोखंडाच्या पट्ट्या कोरियाच्या दक्षिण टोकाकडून येत होत्या.

आणि ही नुसती विद्या चालून आली नाही. माणसं आली. बायका आल्या, पोरं आली. २०२१ साली जपान आणि आयर्लंडच्या संशोधकांनी जुन्या हाडांमधल्या जनुकांचा अभ्यास छापला. आजच्या जपानी माणसाच्या अंगात तीन मोठे प्रवाह मिसळलेले आहेत, असं त्यात निघालं: जुने जोमोन, भातशेतीच्या काळात आलेले, आणि त्यानंतर मोठमोठ्या थडग्यांच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकापासून पुढं आलेले. एक रक्त कुठं राहिलं? तीन तर मोजून निघाले.

भातानं पोट भरलं, तशी कोठारंही भरली. कोठार आलं की राखणदार आला, मालक आला. योशिनोगारी नावाच्या जुन्या वस्तीभोवती खोल खंदक सापडले. तिथं मातीच्या रांजणात पुरलेला एक सांगाडा मिळाला, त्याला मुंडकंच नाही. जमिनीची आणि पाण्याची लढाई तेव्हाच सुरू झाली होती.

गवतात सरकणारा माणूस

त्या काळचे जपानी लोक लिहीत नव्हते. त्यांच्याबद्दल पहिल्यांदा नीट लिहिलं ते शेजारच्या चिनी लोकांनी. तिसऱ्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या वेई राज्याच्या इतिहासात या बेटांना 'वा' म्हटलं आहे. तिथं हिमिको नावाची राणी होती. इ.स. २३९ मध्ये तिनं चीनच्या दरबारी वकील पाठवले, नजराण्यात कापड पाठवलं आणि माणसंही पाठवली. गुलाम. ती मेली तेव्हा शंभरावर गुलाम तिच्याबरोबर गेले, असं तो चिनी लेखक सांगतो.

त्याच इतिहासात एक बारीक नोंद आहे. ती वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तसाच बसलो. खालच्या माणसाला रस्त्यात मोठा माणूस भेटला, तर खालच्यानं मागं सरून गवतात शिरायचं. बोलायचं झालं तर उकिडवं बसून, नाहीतर गुडघे टेकून, हात जमिनीला लावून.

आपल्या आज्या-पणज्यांनी असले रस्ते चालून काढलेत. म्हणून इथंच एक गोष्ट पक्की करून ठेवू. विषमता फक्त बाहेरून आली, मुळात सगळे समान आणि सुखी होते, असं काही नाही. उलटी गोष्टही तितकीच खोटी. बाहेरच्यानं फक्त चांगलं आणलं असंही नाही. शेजाऱ्याकडून माणूस भाकरी घेतो तसा चाबूकही घेतो. काय घेतो हे घेणारा कोण आहे यावर ठरतं.

मागावरची माणसं

आता आपल्या धंद्याकडं येतो.

पाचव्या शतकापासून कोरियातून माणसांचे लोंढे आले. तिथं कोगुर्यो, पेक्चे आणि शिला अशी तीन राज्यं आपसात लढत होती. लढाईनं उखडलेला माणूस होडीत बसतो. तेव्हाही बसला, आजही बसतो. या आलेल्यांमध्ये विणकर होते, लोहार होते, खोगीर करणारे होते. उतारावरच्या बंद भट्टीत करडी, टणक भांडी भाजणारे कुंभार होते. लिहिता-वाचता येणारे कारकून होते. यामातोच्या राजांनी त्यांना कामाप्रमाणं गटांत बांधलं. त्या गटाला 'बे' म्हणत. जरीकापड विणणाऱ्यांचा बे, खोगीरवाल्यांचा बे, कुंभारांचा बे. बापाचं काम पोरानं करायचं आणि माल वर द्यायचा.

यांतलं एक मोठं घराणं 'हाता'. जपानीत मागालाही हाताच म्हणतात. दोन्ही शब्द एकाच मुळाचे की योगायोग, यावर पंडित भांडतात. ते भांडोत. मला मात्र आमच्या खात्यातला कुणी नातलग भेटल्यासारखं झालं. हे लोक रेशीम विणायचे, नदीला बंधारे घालायचे, ओसाड जमीन लागवडीला आणायचे. इ.स. ५४० च्या सुमाराला त्यांची ७,०५३ घरं होती, असं जपानच्या जुन्या बखरीत म्हटलं आहे. आजचं क्योटो शहर आहे, तो मुलूख मोठ्या प्रमाणात यांनीच कसला. राजधानी तिथं आली ती ७९४ साली. त्याच्या कितीतरी आधी हातांचं देऊळ तिथं उभं होतं. कोर्युजी त्याचं नाव. त्यातली मैत्रेय बुद्धाची लाकडी मूर्ती, गालाला बोटं लावून विचारात बसलेली, कोरियातल्या एका मूर्तीची सख्खी बहीण वाटते.

पहिल्या भिक्खुणी

बुद्ध जपानात कसा आला? राजाच्या नजराण्यातून. पेक्चेच्या राजानं यामातोच्या राजाला मूर्ती आणि ग्रंथ पाठवले. एका नोंदीप्रमाणं ५३८ साली, दुसऱ्या नोंदीप्रमाणं ५५२ साली. दरबारात दोन तट पडले. सोगा घराणं म्हणालं, ठेवून घेऊ. मोनोनोबे घराणं म्हणालं, परका देव आहे, आपले देव कोपतील. रोगाची साथ आली की मोनोनोबे मूर्ती नेऊन कालव्यात टाकायचे.

या भांडणात मला आवडलेलं माणूस सरदार नाही, एक पोरगी आहे. बाहेरून आलेल्या खोगीरवाल्या घराण्यातली. ५८४ साली, अकरा वर्षांची असताना, तिनं दीक्षा घेतली. झेन्शिन तिचं नाव झालं. तिच्यासोबत आणखी दोघी. जपानात सगळ्यात आधी चीवर घातलं ते या तीन बायकांनी. पुढच्याच वर्षी मोनोनोबेंनी त्यांना भर बाजारात आणलं, अंगावरचं चीवर उतरवलं आणि फटके मारले. झेन्शिननं धम्म सोडला नाही. ५८८ साली ती बोटीत बसून पेक्चेला गेली, विनय शिकली आणि ५९० साली परत आली.

दोस्तांनो, आपल्या अभ्यासवर्गात बायका मागं बसतात आणि आपण पुढून भाषणं ठोकतो. या पोरीची आठवण ठेवा.

त्याच ५८८ साली पेक्चेहून कारागीर आले. मंदिर बांधणारे सुतार, कौलं भाजणारे, धातू ओतणारे, चितारी. त्यांनी आसुका इथं विहार बांधायला घेतला. जपानात कौलारू छप्पर पहिल्यांदा चढलं ते तिथं. तोवर राजाचा वाडाही गवतानं किंवा सालीनं शाकारलेला असायचा. झेन्शिनचा भाचा तोरी मूर्तिकार झाला. होर्युजीच्या विहारात त्यानं ६२३ साली ओतलेली शाक्यमुनीची मूर्ती आजही बसलेली आहे. खोगीर म्हणजे चामडं आणि लाकूड. त्या धंद्यातल्या घरानं जपानला पहिली भिक्खुणी दिली आणि पहिला थोर मूर्तिकार दिला.

कायदा आला, उतरंड पक्की झाली

आता कडू भाग.

६६३ साली जपाननं पेक्चेला वाचवायला आरमार पाठवलं आणि चीन-शिलाच्या फौजेपुढं ते बुडालं. पेक्चेची हजारो माणसं जपानात पळून आली. यामातोचे राजे घाबरले. मोठ्या शेजाऱ्यापुढं टिकायचं तर त्याच्यासारखं राज्य उभं करायला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. चीनच्या तांग राज्याचा कायदा समोर ठेवून ७०१ साली ताइहो संहिता केली. दर सहा वर्षांनी शिरगणती, जमिनीचं वाटप, धान्याचा, कापडाचा आणि वेठीचा कर. सगळं कागदावर.

आणि त्याच कागदावर माणसांचे दोन भाग: र्योमिन म्हणजे चांगले लोक, सेन्मिन म्हणजे हलके लोक. ७५७ साली अमलात आलेल्या योरो संहितेत हलक्यांचे पाच प्रकार होते. राजांच्या थडग्यांची राखण करणारे, सरकारी कुळं, सरदारांची बांधील कुळं, सरकारी गुलाम, खाजगी गुलाम. चांगल्यानं हलक्याशी लग्न करायचं नाही. चांगल्या पुरुषाला जेवढी जमीन, तिच्या दोनतृतीयांश बाईला. खाजगी गुलामाला चांगल्याच्या तिसरा हिस्सा. वाचताना मला वाटलं, ही भाषा कुठंतरी ऐकलीय. जगात कुठंही माणूस मोजायला बसलेला कारकून पहिली रेघ इथंच ओढतो.

गुलामगिरीची ही कायदेशीर चौकट दहाव्या शतकाच्या सुरुवातीला मोडली. पुढच्या काळात मेलेली गुरं ओढणाऱ्या, कातडं कमावणाऱ्या लोकांना 'एता' म्हणून गावाबाहेर टाकलं, ते या सेन्मिनांचेच थेट वंशज, असं म्हणायला पुरावा नाही. तो धागा ओढूनताणून जोडू नये. पण विटाळाची कल्पना मात्र या जुन्या काळातच मुरत होती. मरणाचा विटाळ मानणारी देशी समजूत आणि प्राणी मारू नये ही बौद्ध शिकवण यांची गाठ पडली. ६७५ साली राजानं गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायला वर्षातले काही महिने बंदी घातली. पुढं शतकानुशतकं करुणेची ती शिकवण उलटी फिरवली गेली. चामडं सगळ्यांना हवं, खोगीर हवं, चिलखत हवं. ते करणारा मात्र नको. १८७१ साली सरकारनं कायद्यानं हा भेद रद्द केला. भेद गेला नाही. म्हणून या लोकांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योटोत सुइहेइशा म्हणजे समतेची संघटना उभी केली.

मी मघाशी म्हणालो की माझंही थोडं उलटं झालं, ते इथं. मला वाटायचं, धम्म जिथं जाईल तिथं उतरंड आपोआप कोसळेल. कोसळली नाही. राजवाड्याच्या दारानं आलेला धम्म राजवाड्याचा पहारेकरी झाला.

ग्योकी

पण धम्माला दुसरंही दार होतं. ग्योकी नावाचा भिक्खू ६६८ साली जन्मला. त्याचे पूर्वज पेक्चेहून आलेले. सरकारचा नियम होता की भिक्खूनं विहारात बसून राज्यासाठी प्रार्थना करायची, लोकांत फिरायचं नाही. ग्योकी फिरला. कराचं ओझं पाठीवर घेऊन राजधानीला जाणारे शेतकरी वाटेत भुकेनं मरत होते. त्यांच्यासाठी त्यानं निवारे उभारले. पूल बांधले, तळी खोदली, पाट काढले. लोक त्याच्यामागं हजारांनी जमले. ७१७ साली सरकारनं त्याचं नाव घेऊन हुकूम काढला की हा माणूस लोकांना फितवतो.

मग ७३५ ते ७३७ देवीची साथ आली. तीही समुद्रापलीकडूनच, क्युशु बेटाच्या वाटेनं. दरबारातले चार मोठे फुजिवारा भाऊ ७३७ साली एकापाठोपाठ मेले. गावंच्या गावं ओस पडली. हादरलेल्या शोमु राजानं ७४३ साली प्रचंड बुद्ध ओतायचं ठरवलं. पण माणसं कोण जमवणार? तेव्हा ज्याला फितुरी म्हटलं होतं त्या ग्योकीलाच बोलावणं गेलं. ७४५ साली त्याला संघातलं सगळ्यात मोठं पद दिलं.

यात ग्योकी विकला गेला की त्यानं राजाला वाकवलं? मी कितीदा तरी दोन्ही बाजूंनी विचार केला. अभ्यासवर्गात हा प्रश्न जरूर घ्या. आपल्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी असं बोलावणं येणार आहे.

बुद्धाची मूर्ती साधारण १५ मीटर उंच. सुमारे ५०० टन तांबं लागलं, तीन वर्षांत आठ वेळा ओतकाम झालं. मुख्य कारागीर किमिमारो. त्याचा आजा ६६३ च्या पडझडीत पेक्चेहून पळून आलेला. मुलाम्याला सोनं कमी पडत होतं. ७४९ साली उत्तरेकडून सोनं पाठवलं ते पेक्चेच्या राजघराण्यातल्याच एका अधिकाऱ्यानं. ७५२ साली डोळे उघडायचा विधी झाला. बुद्धाच्या डोळ्यांत बुबुळ रेखणारा हात भारतातल्या भिक्खूचा होता. बोधिसेन त्याचं नाव. ७३६ साली तो चीनमार्गे जपानला पोचला होता. जन्मानं ब्राह्मण, म्हणून जपानी लोक त्याला 'बारामोन सोजो' म्हणत. एवढा समुद्र ओलांडला, चीवर घातलं, तरी जात नावाला चिकटूनच राहिली! त्याच्या कुंचल्याला लांबलचक निळी रेशमी दोरी बांधली होती आणि जमलेले लोक ती धरून उभे होते. तो कुंचला आणि ती दोरी नाराच्या शोसोइन भांडारात आजही जपून ठेवली आहे.

क-स-त-न

भारताचा आणखी एक धागा जपानी पोरांच्या जिभेवर आहे. जपानी लिपी चिनी अक्षरांतून घडली, पण तिच्या अक्षरांचा क्रम बघा: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटला ना? जुन्या काळी 'सा'च्या जागी च-वर्गाजवळचा उच्चार होता आणि 'हा'च्या जागी 'पा'. म्हणजे क, च, त, न, प, म, य, र, व. घशापासून ओठाकडं येणारी आपली वर्णमाला. बौद्ध भिक्खू मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत, त्यातून हा क्रम आला. ८०४ साली चीनला गेलेला कुकाई हा या विद्येचा मोठा जाणकार. त्यानं ८२८ साली गरिबांच्या पोरांनाही घेणारी शाळा काढली. तो मेल्यावर ती बंद पडली. कुठल्याही देशात आपल्या शाळा अशाच बंद पडतात.

शुद्धतेचा कारखाना

मग शुद्ध रक्ताची गोष्ट आली कुठून? तीही लिहून घेतलेली आहे. ७१२ साली कोजिकी आणि ७२० साली निहोन शोकी हे ग्रंथ राजाज्ञेनं झाले. राजा सूर्यदेवीचा वंशज, असं त्यात मांडलं. लिहिलं कुठल्या अक्षरांत? चिनी. बाहेरून आलेल्यांना शब्द दिला 'किकाजिन', म्हणजे राजाच्या छायेला शरण आलेले. चीन स्वतःला मधोमध ठेवून भोवतालच्यांना रानटी म्हणायचा. जपाननं तीच पट्टी उचलली आणि उत्तरेच्या एमिशी लोकांना लावली. त्यांचा पुढारी आतेरुई शरण आला, तरी ८०२ साली त्याला मारलं.

पण कागद खोटं पूर्ण लपवत नाही. ८१५ साली राजधानी आणि आसपासच्या प्रांतांतल्या १,१८२ घराण्यांची यादी झाली. त्यांतली ३२६ घराणी चीन-कोरियाहून आलेली, असं सरकारनंच लिहून ठेवलं. चारातलं एकाहून जास्त! २००१ साली खुद्द सम्राट आकिहितो म्हणाले की आठव्या शतकातल्या कान्मु राजाची आई पेक्चेच्या राजवंशातली होती.

हे विसरलं की काय होतं? १९१० साली जपाननं कोरिया गिळला. १९२३ साली टोकियोकडं भूकंप झाला तेव्हा अफवा उठली की कोरियन लोकांनी विहिरीत विष टाकलं. हजारो कोरियन माणसं मारली गेली. पाणी बाटवलं म्हणून मारलं. ज्यांच्या पूर्वजांनी पाटाचं पाणी आणलं, त्यांनाच.

आणखी एक सांगतो, ते आपल्या उपयोगाचं आहे. क्योटोत राहणाऱ्या दोन कोरियन भावांनी १९६९ साली एक छोटं त्रैमासिक काढलं. विषय एकच, जपानातली कोरियन संस्कृती. १९८१ पर्यंत ५० अंक निघाले. किम दाल-सु नावाचा लेखक गावोगाव हिंडून देवळं, थडगी, गावांची नावं तपासून लिहू लागला. त्याच सुमारास 'किकाजिन' हा शब्द मागं पडला आणि 'तोराइजिन' म्हणजे पलीकडून आलेले, हा साधा शब्द पुढं आला. शरण आलेले नव्हे, नुसते आलेले. आता शाळेच्या पुस्तकातही तोच शब्द छापतात. छोट्या मासिकानं काय होतं, असं विचारणाऱ्याला हे सांगा.

परवा पुन्हा रात्रपाळी सुटल्यावर सोबत्याला हे सगळं ऐकवलं. मागाचं आणि हातांचं सांगितल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हंजे सगळेच बाहेरचे?" मी म्हणालो, "बाहेरचे आणि आतले, हे कोण लिहून ठेवतं ते बघ." पटलं की नाही, माहीत नाही. चहाचे पैसे मात्र त्यानंच दिले, आणि जाताना विचारलं, ते फटके खाणाऱ्या पोरीचं नाव काय सांगितलंस?

झेन्शिन, मी म्हणालो.

जय भीम.